अटकेचं पाणी आणि चौसष्ट ठोके

एन्ड्युरन्स रायडिंग हा लांब पल्ल्याच्या घोडदौडीचा खेळ आपल्याकडे अजून धड रुजलेला नाही, पण त्याच्याभोवती एक दावा मात्र चांगलाच माजला आहे. घोडेबाजारात, रायडिंग क्लबच्या कट्ट्यावर, अश्वप्रेमींच्या गप्पांत तो हमखास ऐकू येतो. अरबी घोड्याचं कौतुक आता पुरे; आमचा मारवाडी, आमचा काठेवाडी आणि त्यातही आमचा भीमथडी या खेळात अरबीला सहज मागे टाकेल. पुरावा विचारला की उत्तर तयार असतं: मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली होती, आणखी काय पाहिजे?

बरंच काही पाहिजे. हा दावा खोटा ठरवायला माझ्याकडे पुरावा नाही, हे कबूल. पण खरा ठरवायला तो करणाऱ्यांकडेही नाही, आणि मिळवायची खटपटही कुणी मनावर घेतलेली दिसत नाही. माझं भांडण आहे ते या निवांतपणाशी.

या खेळात घोड्याला काय विचारलं जातं ते आधी पाहू. १६० किलोमीटरची दौड एका दमात होत नाही. तीस-चाळीस किलोमीटरचा एकेक फेरा असतो आणि प्रत्येक फेऱ्यानंतर पशुवैद्यांची चौकी, जिला सगळे व्हेट गेट म्हणतात. घोडा आत आला की मोतद्दार खोगीर उतरवतात, मानेवर, छातीवर, मांड्यांच्या आतून गार पाणी ओततात आणि सगळ्यांचे कान लागतात हृदयाच्या ठोक्यांकडे. ठरलेल्या मिनिटांच्या आत ते मिनिटाला ६४ वर उतरले पाहिजेत. मग डॉक्टर ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबतात. पांढरा पडलेला ठसा किती वेळात पुन्हा गुलाबी होतो ते पाहतात. कातडी चिमटीत धरून सोडतात. ती चटकन सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी आटलंय असं समजायचं. कुशीला स्टेथोस्कोप लावून पोट गुरगुरतंय का ते ऐकतात. घोड्याचं पोट शांत असणं ही वाईट खूण. शेवटी त्याला कडक जमिनीवर, सैल दोरीने, दुडक्या चालीत पळवून आणायचं. तिथे पाय जरासा चोरला तरी घोडा बाद. अंतिम रेषा सगळ्यांच्या आधी ओलांडलेला घोडासुद्धा या तपासणीत नापास झाला तर त्याचा क्रमांक जातो.

आता अटकेकडे वळू. १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथरावांची फौज लाहोरात शिरली आणि मराठ्यांच्या तुकड्या पुढे सिंधूपर्यंत पोचल्या, यात शंका नाही. पण ही मोहीम महिनोन्‌महिने मुक्काम करत चालली होती. वाटेत घोडी मरत, नवी विकत घेतली जात, लुटीतही मिळत. बारगिराच्या बुडाखाली सरकारी पागेतला घोडा, शिलेदाराचा स्वतःचा. त्यांत दख्खनी होते तसे काठेवाडी, तुर्की आणि अरबीही होते. फौज पोचली, एवढं आपल्याला माहीत आहे. निघालेल्या शंभर घोड्यांपैकी किती धडधाकट पोचले आणि त्यांत भीमथडी किती, हे अटकेचा दाखला देणाऱ्या एकाही माणसाने आजवर सांगितलेलं नाही. फौजेचा दम वेगळा, एका घोड्याचा दम वेगळा. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत बाजीरावाने निजामाला पळवून पळवून बेजार केलं, ते जड तोफा आणि लटांबर मागे ठेवून हलक्या घोडदळाने केलेल्या हालचालींमुळे. ती अक्कल सेनापतीची. तिचं श्रेय घोड्याच्या वंशावळीत लिहिता येत नाही.

शिवाय अटकेचा दाखला द्यायचा तर पानिपतचाही द्यावा लागेल. जेमतेम तीन वर्षांत, १७६१ च्या जानेवारीत, मराठी फौजेची घोडी वैरणीवाचून खंगली. तेव्हा काही त्यांची जात बदलली नव्हती. रसद तुटली होती.

आपल्या पूर्वजांना हे आपल्यापेक्षा नीट कळत होतं. चिपळूणच्या बाजूला छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. घोड्यांविषयी बोलताना त्यात जातीची फुशारकी नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनमानी उडवलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, अशी खरमरीत तंबी आहे. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत बारकावा आहे. घोडदळ ज्याने प्रत्यक्ष उभं केलं तो राजा गवताच्या गंजीची काळजी करतो, आणि आपण त्याच्या नावाने घोड्याच्या रक्ताच्या गप्पा मारतो.

उलट बाजूचाही एक जुना दाखला आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने दक्षिण हिंदुस्थानच्या किनाऱ्याबद्दल लिहून ठेवलं की इथले राजे दरसाल हजारोंनी अरबी घोडे विकत घेतात आणि वर्षभरात त्यांतले बहुतेक मरतात, कारण त्यांना पाळायचं कसं ते कुणाला ठाऊक नाही. खायला शिजवलेला भात आणि मांस घालतात. अस्सल अरबी रक्त होतं, पण नालबंद नाही, योग्य चारा नाही, म्हणून ते मातीत गेलं.

आता अरबीचं काय? तो खरोखरच या खेळातला पहिला घोडा आहे. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी यांनी एका दिवसात १०० मैलांची दौड सुरू केली, तीच पुढे टेव्हिस कप म्हणून गाजली. रोबी स्वतः बसले होते बांदोस नावाच्या अरबी घोड्यावर. तेव्हापासून तिथे अरबी आणि अर्धअरबी घोड्यांचंच राज्य आहे. ऑस्ट्रेलियात १९६६ मध्ये पहिला टॉम क्विल्टी गोल्ड कप झाला. तो गॅब्रिएल स्टेचर यांनी शालावी नावाच्या अरबी घोड्यावर जिंकला, आणि तोही खोगिराशिवाय, उघड्या पाठीवर बसून. (शंभर मैल उघड्या पाठीवर! घोड्याइतकंच स्वाराचंही कौतुक करायला हवं.) हे सगळं योगायोगाने घडलेलं नाही. अरबीची चण लहान, कातडी पातळ, स्नायू लांबट आणि चपटे; सावकाश पण तासन्‌तास चालणाऱ्या स्नायुतंतूंचं प्रमाण त्यांत जास्त. काम करणाऱ्या स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेतली तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता होऊन बाहेर पडते. लांब पल्ल्यावर घोडा हरतो तो बहुधा ही उष्णता फेकता न आल्यामुळे. वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त असलेल्या लहान, सडपातळ घोड्याला ती लवकर फेकता येते. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरचा थरोब्रेड मैल-दीड मैलात अरबीला धूळ चारेल. पन्नासाव्या मैलावर त्याच्या त्या भरदार पुठ्ठ्यांचंच त्याला ओझं होतं.

पण अरबीच्या अंगात हे आलं कुठून? वाळवंटातल्या टोळ्यांनी लांबच्या धाडींवर घोड्या वापरल्या आणि ज्या टिकल्या त्यांची पैदास पुढे नेली. विसाव्या शतकातही अरबीवाल्यांनी नुसत्या वाळवंटाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. अमेरिकी घोडदळासाठी १९१९ मध्ये पाच दिवसांत सुमारे ३०० मैलांची, जड ओझ्यासह चाचणी-दौड झाली, तेव्हा तिथे अरबी उतरवले गेले आणि रामला नावाची अरबी घोडी पहिली आली. दावा केला, घोडी मैदानात आणली, निकाल लावून घेतला. आपल्या दाव्यात यातली पहिलीच पायरी तेवढी आहे.

आणि ‘अरबी विरुद्ध देशी’ हे भांडणच मुळात कच्चं आहे. बहमनी, आदिलशाही, विजयनगर या सगळ्यांच्या पागा अरबस्तान आणि होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांवर भरल्या. ते घोडे चौल, दाभोळ आणि गोव्याच्या बंदरांत उतरत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यानंतर या व्यापाराची चावी त्यांनी आपल्या हातात ठेवली, कारण घोडा देणं-न देणं हे दख्खनच्या राजकारणातलं मोठं हत्यार होतं. भीमेच्या खोऱ्यातल्या स्थानिक घोड्यांवर अरबी आणि तुर्की वळू लावून भीमथडी घडली, असं ब्रिटिशकालीन नोंदी सांगतात. म्हणजे ज्याला हरवायचं म्हणून आपण दंड थोपटतो, त्याचंच रक्त आपल्या घोड्यात असण्याची शक्यता दाट आहे.

‘अरबी आणा, बाकी सगळी तट्टं’ असं म्हणणारा दुसरा पंथही आहे. त्याच्यासाठी दोन दाखले पुरेत. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ट्रायॉन इथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. जगातले निवडक घोडे आले होते, आणि उष्णता अधिक दमट हवा यांमुळे ती दौड अर्ध्यावर रद्द करावी लागली. कोकणाची किंवा मुंबईची हवा ज्याला माहीत आहे त्याने यावरून बोध घ्यावा. दुसरा दाखला आखाताचा. सपाट वाळूवर अरबी घोडे इतक्या वेगाने पिटाळले गेले, पाय मोडून इतके घोडे गेले, की आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१५ मध्ये अमिरातींच्या राष्ट्रीय महासंघाला निलंबित केलं. उत्तम जात हाती असूनही हे झालं. टेव्हिसच्या घोड्यांवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात तर स्वाराच्या वजनापेक्षाही घोड्याच्या अंगावरचं मांस, म्हणजे फासळ्यांवर हात फिरवला की लागणारा थर, दौड पुरी होण्याशी जास्त निगडित निघाला. फार वाळलेले घोडे वाटेत गळाले. हे ज्ञान जुन्या मोतद्दारांच्या तळहातात होतं.

मला खरं बोलायचं आहे ते अर्जेंटिनाच्या क्रिओयो घोड्याबद्दल, कारण आपली आणि त्यांची परिस्थिती सारखी होती. स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे, मोकळ्या पठारावर रानटी झालेले, लहान चणीचे, काटक, दिसायला साधे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या श्रीमंतांना त्यांची लाज वाटू लागली आणि युरोपातून देखणे, उंच वळू आणून संकर सुरू झाला. जात बुडायच्या बेतात होती. एमिलियो सोलानेत नावाच्या पशुवैद्याने ती सावरली. त्याने गुराख्यांच्या शौर्यकथा छापल्या नाहीत. त्याने दोन घोडे दिले, मांचा आणि गातो, पंधरा-सोळा वर्षांचे, म्हणजे घोड्यांच्या हिशेबाने उताराला लागलेले. एमे चिफेली नावाचा स्विस शाळामास्तर त्यांना घेऊन १९२५ मध्ये ब्यूनस आयरेसहून निघाला आणि अँडीज, वाळवंटं, दलदली ओलांडत १९२८ मध्ये अमेरिकेत पोचला. सुमारे १६ हजार किलोमीटर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोलानेतच्या धुरीणत्वाखाली नोंदवहीतल्या घोड्यांची कठोर छाननी झाली आणि त्यांतला मोठा हिस्सा बाद केला गेला. वशिला, जुनं घराणं, सुरेख रंग, काही चाललं नाही.

आणि ते इथेच थांबले नाहीत. क्रिओयोवाल्यांची एक दौड आहे, नुसती ‘मार्चा’ म्हणतात. चौदा दिवसांत ७५० किलोमीटर, पाठीवर ११० किलोंच्या आसपास ओझं, आणि घोड्याने खायचं ते फक्त वाटेवरचं गवत. चंदी नाही, औषध नाही, टॉनिक नाही. रोज संध्याकाळी पशुवैद्य तपासतात. त्यातून पार पडलेल्या घोड्याची पैदास पुढे मोलाची ठरते. क्रिओयोच्या दमाबद्दल कुणी शंका काढली तर त्याच्या मालकाला बखर उघडावी लागत नाही. तो निकालाचा कागद पुढे करतो.

आपण काय पुढे करतो? दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला जावं. देशातला जुना, नामांकित घोडेबाजार. घोड्याभोवती गिऱ्हाइकांचं कोंडाळं असतं आणि चर्चा चाललेली असते ती इंचांची: चौसष्ट भरेल का, पासष्ट? कानांची टोकं एकमेकांना भिडतात का? नुकरा आहे की कुमैत, पंचकल्याणी आहे का, भोवरा कुठे आहे, शुभ की अशुभ? मग रेवाल चालवून दाखवा, नाचवून दाखवा. तोंड उघडून दात पाहणारे असतात. पळवून आणल्यावर पाच मिनिटांनी ठोके मोजणारा माणूस मला तिथे दिसलेला नाही. किंमत लाखांत जाते ती उंचीला, रंगाला आणि नाचाला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण वळू निवडतो ते वरातीत उठून दिसण्यासाठी, आणि छाती फुगवतो ती दमावर. पैदाशीचा नियम फार निर्दय असतो: ज्यासाठी निवडाल तेच वाढतं, आणि ज्याची परीक्षा घेत नाही ते गळत जातं, मग पूर्वजांनी ते कितीही कमावलेलं असो.

मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत दम नाही असा याचा अर्थ नाही. रखरखीत मुलखात घडलेले घोडे आहेत ते, आणि उष्णतेचं गणित त्यांच्याही बाजूने असू शकतं. पण चौसष्ट-पासष्ट इंचांच्या हव्यासापायी आपण त्यांना अरबीच्या लहान चणीपासून दूर नेत आहोत. एकीकडे त्याला हरवायची भाषा, दुसरीकडे त्याच्या यशाचं जे उघड कारण तेच आपल्या घोड्यातून काढून टाकायचं.

भीमथडीची गोष्ट निराळी. तिचा सांभाळ धनगरांनी केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या पट्ट्यात मेंढरांच्या कळपामागून बिऱ्हाड पाठीवर घेऊन ही घोडी मैलोन्‌मैल चालते, मिळेल त्या गवतावर राहते, आणि जी चालू शकत नाही तिची पैदास होत नाही. नकळत चाललेली ही आपल्याकडची मार्चाच म्हणायची. राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद व्हायला आपल्याला २०२३ साल उजाडावं लागलं आणि तिची संख्या पाच हजारांच्या आसपासच आहे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधे देशातली घोडे आणि तट्टं सव्वासहा लाखांवरून तीन लाख चाळीस हजारांवर आली, हे लक्षात घेतलं तर पाच हजार हा आकडा किती नाजूक आहे ते कळेल. अशा जातीवर ‘अरबीला हरवणारी’ असा शिक्का मारून देण्यात धोका आहे. हौशी लोक ऐंशी-नव्वद किलोंचा स्वार त्या लहानशा पाठीवर बसवतील, घोडी तिसऱ्या फेरीला बसेल आणि मग तेच लोक म्हणतील, तट्टू ते तट्टूच. भीमथडीला सामान घेऊन दिवसभर चालायची सवय आहे. स्वार घेऊन दिवसभर दुडकत जाणं हे वेगळं काम आहे. ते तिला जमेल का? जमेल असं मला मनापासून वाटतं, विशेषतः हलका किंवा किशोरवयीन स्वार असेल तर. पण मला वाटण्याला काडीची किंमत नाही.

पुराव्याविना दंतकथा किती पुढे जाते याचा एक नमुना हॉलिवूडने दिला आहे. २००४ चा ‘हिडाल्गो’ हा चित्रपट फ्रँक हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन माणसाच्या बढायांवर उभा आहे. त्याचा मस्टँग घोडा म्हणे अरबस्तानात हजारो मैलांच्या शर्यतीत अस्सल अरबींना हरवून आला. तशी शर्यत कधी झाल्याचा पुरावा शोधणाऱ्यांना सापडला नाही. गंमत अशी की मस्टँग हा खरोखरच काटक घोडा आहे. त्याला या थापेची गरज नव्हती. थाप उघडी पडल्यावर उगाच त्याचंही नाव खराब झालं.

२०२३ मध्ये केरळच्या निदा अंजुम चेलाट हिने फ्रान्समधल्या युवा जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटरची दौड पूर्ण केली, अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय. तिचा घोडा होता एप्सिलॉन सालू, तिकडचाच. स्वार आपली, घोडा परका, याची ज्यांना रुखरुख वाटते त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे, आणि ते अजिबात महाग नाही.

जात-संवर्धन संस्थांनी, बाजार भरवणाऱ्यांनी, पशुवैद्यक महाविद्यालयांनी मिळून थंडीत एक ८० किलोमीटरची दौड ठेवावी. पुरंदर-बारामतीच्या माळावर ठेवा, नाहीतर तापीकाठी. मारवाडी, काठेवाडी, भीमथडी, अरबी, थरोब्रेड, संकर, सगळ्यांना दार उघडं. घोड्याच्या वजनाप्रमाणे स्वाराच्या वजनाची मर्यादा, चार व्हेट गेट, आणि पंचांत घोडामालक एकही नको. पहिल्या नंबरला लाखाचं बक्षीस लावू नका, नाहीतर आखातात झालं तेच इथे होईल. सर्वांत सुस्थितीत पोचलेल्या घोड्याला मान द्या. मग प्रत्येक घोड्याची जात, वय, उंची, प्रत्येक चौकीवरचे ठोके आणि बाद झाला असेल तर कशामुळे, हे सगळं छापा. नापास झालेल्यांचं आधी छापा. असं सलग दहा वर्षं करा आणि त्या यादीतून वळू निवडा. आपला घोडा सरस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी पहिल्या वर्षी पहिलं नाव नोंदवावं.